आठवा हौद

४ फेब्रुवारी

ताई,

समितीचं पत्र मिळालं. मावशीच्या गुडघ्याचं त्यात काही नव्हतं, म्हणजे गुडघा बरा असावा किंवा पत्र सरकारी असावं. इकडे ठीक. हिला सर्दी झाली होती, ती गेली.

कुठल्या माशाला हौद द्यायचा, त्यासाठीचा फॉर्म भरून सोबत पाठवतोय. केंद्रप्रमुखांची सही आहे. त्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता केली, त्यामुळे आतल्या मजकुराला मी एकटा जबाबदार. माशांतलं तुला काही कळत नाही हे तू स्वतःच म्हणतेस, आणि समितीची चिटणीस म्हणून हा फॉर्म वाचून दाखवणार तूच. म्हणून त्यावर न मावलेलं इथे लिहितो.

आमच्या केंद्रात आठ हौद आहेत. इथे पूर्वी बर्फाचा कारखाना होता. भिंती हातभर जाड, त्यामुळे पाणी थंड राहतं. आठव्या हौदात दगडचाटी आहे. बोटाएवढा मासा, रंग चिखलाचा. ओठ पसरट, त्यांनी दगडाला चिकटते आणि शेवाळ खरवडून खाते. पाच वर्षांपूर्वी नदीवर नवा पूल बांधायला घेतला तेव्हा मी बेचाळीस आणल्या होत्या. आज अकरा आहेत. दोन वर्षांपूर्वी एकदा अंडी घातली, एकशे सात. घड्याळाच्या चिमट्याने मी एकेक उचलून वेगळ्या पाण्यात ठेवली. नऊ पिल्लं झाली, त्यांतली पाच आजच्या अकरांत आहेत. या माशाची हौदात पिल्लं याआधी कुणी काढलेली नाहीत. हे बढाई म्हणून लिहीत नाही, फॉर्ममध्ये विचारलंय म्हणून लिहितोय.

'नदीत शेवटचा मासा कधी दिसला' याचं उत्तर: पाच वर्षांपूर्वी, मी आणल्या तेव्हा.

'हा मासा लोकांना आवडतो का' हा प्रश्न कुणी घातला? उत्तर लिहिलंय: नाही. मलाही पहिली तीन वर्षं आवडला नव्हता.

'शिक्षण' या रकान्यात मी 'दहावी, पुढचं स्वतः' असं लिहिलंय. घड्याळाचं दुकान बंद करून इथे आलो त्याला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात माशांवरची चौतीस पुस्तकं वाचली. त्यांतली तीन चुकीची आहेत. कुठली ते कुणाला हवं असेल तर कळवीन.

तुझा भाऊ


१२ फेब्रुवारी

प्रिय मिलिमीटर,

गुडघा बरा नाही आणि पत्र सरकारी होतं. आई विचारते, 'तो अजून केक पट्टीने मोजून कापतो का?' मी म्हटलं, आता मासे मोजतो.

फॉर्म वाचून दाखवला. शिक्षणाच्या रकान्याला पक्षीवाले साहेब हसले. ते आमचे अध्यक्ष. सगळं आयुष्य पक्ष्यांवर गेलं, पण माशांचे साहेब रिटायर झाले आणि हे मोकळे सापडले. माशांबद्दल त्यांना पक्की माहिती एकच, की पक्षी ते खातात. पण माणूस सरळ आहे. चिकटपणा आहे तो डॉक्टरीणबाईंकडे. कुठला मासा कुणाचा चुलत, कुणाचा मावस, हे त्यांना तोंडपाठ. तिसरा जाहिरातवाला. तो प्रश्न त्याचाच.

मासे तेवीस, हौद आठ. रोज भांडण. जाहिरातवाल्याला सोनशेपटी हवी होती, दिसायला देखणी म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'ती तीन नद्यांत सुखात आहे. नदीत ज्याचं भागतंय त्याला हौद कशाला? नदी राखा की.' जाहिरातवाला म्हणाला, 'पण पोस्टर छापून झालंय.' मग हे वाक्य इतिवृत्तात घ्यायचं की नाही यावर अर्धा तास गेला. मी घेतलं.

सात हौद ठरले. आठव्याला दोन दावेदार. एक तुझी दगडचाटी. दुसरा काळमुखा, वीतभर मासा, तोंड काळं, डौल काही नाही. त्याला वाहतं पाणी लागतं आणि त्याची नदी धरणाच्या पाण्याखाली गेली. धरणाची दारं उघडायच्या कामावर होता तो एक म्हातारा आहे, रिटायर झालाय. त्याने चार काळमुखे घरामागच्या अंगणात प्लास्टिकच्या पिंपात पंप लावून ठेवलेत. डॉक्टरीणबाई म्हणतात, जगात बहुतेक तेवढेच, आणि त्याला जवळचा नातेवाईक मासा कुठलाच नाही.

तेव्हा ठरलं असं: दोघांनीही आपापली नदी पुन्हा एकदा बघून यायची आणि २५ तारखेच्या आत लेखी कळवायचं.

आपलं नातं मी समितीला सांगितलं. साहेब म्हणाले, 'मग मतदानाच्या वेळी तुम्ही बाहेर जा.' मी म्हटलं, 'मला मतच नाही.' म्हणाले, 'मग बसा.'

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

परवा, म्हणजे अठरा तारखेला, नदीवर जाऊन आलो. नोंद खालीलप्रमाणे:

नव्या पुलापासून खाली दोन किलोमीटर दोनशे मीटर, दोन्ही काठ. उलटलेले दगड चारशे बारा. पाणी सोळा अंश. या पट्ट्यात दगडचाटी एकही नाही.

हे असंच्या असं वाचून दाखव. शब्द बदलू नकोस.

एक बूट फाटला. हौदातल्या अकराही ठीक आहेत. काल त्यांचे दगड बाहेर काढून घासले आणि पुन्हा होते तसे लावले. कुठला दगड कुठे याचा नकाशा माझ्याकडे आहे.

एक विचारायचं होतं. समज, एखाद्या माशाचे नदीत थोडे उरले असतील. समज, तिथलं पाणीही आता सुधारलं असेल. आणि ही गोष्ट फक्त एकाच माणसाला माहीत असेल. तर समिती काय करते? सहज विचारतोय. नियम माहीत असलेला बरा.

मला मिलिमीटर म्हणू नकोस. ते माप आहे.

भाऊ


२८ फेब्रुवारी

मिलिमीटर,

तुझी नोंद शब्द न बदलता वाचली. चारशे बारा हा आकडा त्यांनी पुन्हा वाचायला लावला. साहेब म्हणाले, 'पक्ष्यांची गणती करणाऱ्यांना हे पत्र दाखवलं पाहिजे.' मला बरं वाटलं.

आणि तुझा रोख कळला बरं का. तू कुणाचं नाव घेणार नाहीस, स्वभावच तसा. पण 'एकाच माणसाला माहीत' म्हणजे कोण हे न कळायला मी काही एवढी ही नाही. म्हाताऱ्याचं उत्तर एका ओळीचं आलं होतं, 'नदी उरलीच नाही तर बघू काय.' म्हणून मी समितीत विषय काढला. मीही नाव घेतलं नाही. 'धरणावरच्यांनी नीट बघितलंय का' एवढंच म्हटलं.

साहेबांनी मलाच फोन करायला लावला. हे बोलणं जसंच्या तसं:

"बाई, ती नदी साठ हात पाण्याखाली आहे. बुडी मारून बघू का?"

"वरच्या बाजूला ओढे असतील ना?"

"आहेत. सहा."

"मग ते बघा."

"कुणी सांगितलं?"

"समितीने."

"समितीने त्यांतला एक तरी ओढा बघितलाय?"

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

"मी जाईन. माझ्या माघारी पिंपाजवळ कोण बसणार? लाइट गेली की पंप बंद पडतो."

"शेजारी कुणी?"

"शेजारीण आहे. तिला मासा म्हणजे कढईतला."

फोन ठेवला. पण गेला म्हणे. सहा ओढे, सहा दिवस लागणार. वय एकाहत्तर.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नियम तोच, सोनशेपटीचा. नदीत उरले असतील आणि पाणी ठीक असेल, तर हौद नाही. नदीचा तेवढा पट्टा राखून ठेवायचा. म्हाताऱ्याला ओढ्यात चार जरी मिळाले तरी हौद तुझाच.

ताई


५ मार्च

ताई,

पत्र मिळालं. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं.

हौदाचं पाणी साडेसतरा अंश. तिसऱ्या हौदाला गळती आहे, दिवसाला दीड बादली. केंद्रप्रमुख म्हणाले, 'दीड बादली म्हणजे फार नाही.' मी म्हटलं, वर्षाला पाचशे सत्तेचाळीस. ते म्हणाले, 'तू असं बोललास की मला झोप येते.'

पिंपात आता किती आहेत ते कळव. पंप कुठला आहे आणि लाइट किती वेळा जाते तेही विचार. लाइट गेली तर बादलीने वरून पाणी ओतत राहायचं, तेवढ्यानेही चालतं, हे शेजारणीला कुणीतरी सांगायला हवं.

मावशीला नमस्कार.

भाऊ


१४ मार्च

अभिनंदन, मिलिमीटर!

आठवा हौद दगडचाटीला. काल सही झाली. आई म्हणाली, 'केक कापा म्हणावं, आणि या वेळी पट्टीशिवाय.'

झालं असं. म्हाताऱ्याला सहाही ओढ्यांत काही मिळालं नाही. डॉक्टरीणबाई काळमुख्यासाठी अडून बसल्या. 'याला परत जायला नदीच नाही, हौद नाही तर काही नाही,' म्हणाल्या. जाहिरातवाला म्हणाला, 'दोन्ही सारखेच कुरूप आहेत, माझं काही म्हणणं नाही.' साहेबांना निवडवेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला मत नाही, पण तोंड आहे. मी उभी राहिले आणि म्हटलं, 'काळमुख्याची हौदात पिल्लं होतील की नाही हे कुणालाच माहीत नाही. दगडचाटीची झालीत. आणि तिथला माणूस माझा मावसभाऊ आहे म्हणून नाही सांगत, पण तो खोटा आकडा लिहीत नाही. कधीच लिहिलेला नाही. नऊ वर्षांचा असताना मोठा तुकडा स्वतःच्या वाटणीला आला तर तो कापून परत ठेवायचा.' साहेब म्हणाले, 'मग झालं तर.'

पिंपाचं विचारलं होतंस. म्हातारा ओढ्यांवर असताना दोनदा लाइट गेली. पहिल्या खेपेला एक गेला. दुसऱ्या खेपेला अजून एक. शेजारीण म्हणते तिने काठीने पाणी ढवळलं. आता दोन आहेत. मी म्हाताऱ्याला फोन केला, निर्णय सांगायला. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, "ठीक आहे. सहा ओढे बघायचे राहिले होते, तेवढे झाले." मी म्हटलं, "वाईट वाटलं." तो म्हणाला, "तुम्हाला कशाला वाटायचं बाई, तुम्ही टाइप करता." एवढं सोडलं तर बाकी सगळं छान झालं.

या वेळचं तुझं पत्र फार लहान होतं. तब्येत ठीक आहे ना? की अकरांतली एखादी गेली आणि सांगायला जड जातंय? गेली असेल तर कळव. आता निर्णय झालाय, एक-दोनाने फरक पडत नाही.

ताई


१८ मार्च

ताई,

हे पत्र समितीपुढे वाचायचं आहे. संपूर्ण.

अकराच्या अकरा जिवंत आहेत.

दुरुस्ती. माझ्या २० फेब्रुवारीच्या पत्रात पुढचा मजकूर लिहायचा राहिला. 'राहिला' हा शब्द खोडतो. लिहिला नाही.

अठरा तारखेलाच, पुलाच्या खालचा पट्टा बघून झाल्यावर, मी पुलाच्या वरच्या बाजूला गेलो. तिथे कागदाच्या जुन्या गिरणीची भिंत आहे. गिरणी चालू होती तेव्हा तिथलं पाणी पिवळं असायचं, म्हणून त्या बाजूला कुणी बघायचं नाही. मीही बघत नव्हतो. गिरणी बंद होऊन तीन वर्षं झाली. भिंतीलगत साठ मीटर बघितलं. उलटलेले दगड एक्कावन्न. दगडचाटी चौतीस. चार दगडांखाली अंडी. पाणी नितळ, पंधरा अंश.

पहिल्या दगडाखाली दोन होत्या. मला आनंद झाला. तो आठ दगडांपर्यंत टिकला. नवव्या दगडाला लक्षात आलं की आता हौद जाणार. पुढचे बेचाळीस दगड मी हौदाचा विचार करत उलटले.

त्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही. पाकीट बंद करायच्या आधी चारदा तपासलं होतं. आजवर कुठलंही पत्र मला खोटं आहे का म्हणून तपासावं लागलेलं नाही, तेव्हा तिथेच कळायला हवं होतं.

तू विचारशील, का. फॉर्म भरला तेव्हापासून वाटत होतं की या माशाला माझ्याशिवाय कुणी नाही. पाच वर्षं रोज सकाळी सात वाजता मी त्या हौदाशी उभा आहे. आणि नदीत चौतीस निघाल्या. माझ्याविना. माझ्या चिमट्याविना अंडी घातलेली. चांगली बातमी होती, आणि मला ती सहन झाली नाही. याहून नीट मला सांगता येत नाही.

म्हाताऱ्यावर माझा रोख नव्हता. ज्याला माहीत होतं तो एकच माणूस म्हणजे मी. तू उलटं समजलीस, मला ते सोयीचं पडलं, आणि मी गप्प बसलो. तो सहा ओढे फिरला ते माझ्यामुळे. त्याचे दोन गेले ते माझ्यामुळे.

मला माहीत असूनही मी सांगितलं नाही असे दिवस: अठ्ठावीस.

आठवा हौद काळमुख्याला द्यावा. नियमाने त्याचाच आहे. केंद्रप्रमुखांना हे पत्र दाखवलंय. त्यांनी या वेळी वाचून सही केली.

भाऊ


२५ मार्च

प्रति,
हौद-सहायक,
मत्स्य संवर्धन केंद्र

महोदय,

आपले दिनांक १८ मार्चचे पत्र समितीच्या बैठकीत संपूर्ण वाचून दाखवण्यात आले. अठ्ठावीस दिवसांचा आकडा समितीने तपासला. तो बरोबर आहे.

आधीचा निर्णय रद्द करण्यात येत असून आठवा हौद काळमुखा या माशास देण्यात येत आहे. गिरणीच्या भिंतीलगतचा नदीपट्टा राखीव ठेवण्याविषयी संबंधित खात्यास लिहिले आहे. तोवर तेथील मोजणी दर आठवड्यास आपण करावी आणि मोजणीच्या वेळी सोबत दुसऱ्या व्यक्तीची सही घ्यावी. आपल्याकडील अकरा मासे डॉक्टरीणबाईंनी तपासल्यानंतर त्याच पट्ट्यात सोडावेत.

आपल्यावर काय कारवाई करावी याविषयी अध्यक्षांनी नियम विचारला. असा नियम आढळला नाही. आपली चूक न विचारता कळवणारे आजवर कुणी नव्हते असे दिसते. अध्यक्षांचे म्हणणे असे की धरणावर जाऊन उरलेले दोन काळमुखे आपण स्वतः आणावेत. तेवढे पुरेसे आहे.

आपली,
चिटणीस

खाली पेनने लिहितेय, हे कार्यालयाचं नाही. मी त्या खोलीत उभी राहून तुझ्यासाठी बोलले. आता पक्षीवाले साहेब रोज सकाळी वार विचारतात, आणि मी सांगितला की म्हणतात, 'बाई, नक्की?' तुझ्या पत्रातलं 'सोयीचं पडलं' हे वाचताना मी मध्येच कागद खाली ठेवला. जाहिरातवाल्याने पाणी आणून दिलं. जाहिरातवाल्याने!

आईला मी काही सांगितलेलं नाही. इतक्यात पत्र लिहू नकोस. ते दोन जगले तर कळव.


१९ एप्रिल

ताई,

दोन्ही जगलेत. म्हणून लिहितोय. क्रमाने सांगतो.

तीन तारखेला केंद्राची गाडी घेऊन धरणावर गेलो. म्हातारा पायरीवर बसला होता. उठला नाही.

"तूच का तो?"

"हो."

"चारशे बारा दगडवाला?"

"चारशे त्रेसष्ट. वरचे एक्कावन्न धरून."

त्याने मला अंगणात नेलं. पिंप बघितलं. पंप लहान, पण नळी इतक्या बेताने बसवलेली की पाणी एकाच दिशेने फिरत होतं. चौतीसांतल्या एकाही पुस्तकात हे नाही. मी तसं बोललो नाही. माफी मागायची वाक्यं गाडीत जुळवली होती, तीन. पहिलं म्हणून होईपर्यंत तो म्हणाला, "मासे उचल, ऊन वाढतंय." ते खातात काय, असं विचारलं तर म्हणाला, "तू शिकलेला आहेस. स्वतः." म्हणजे माझा फॉर्म तिथपर्यंत पोचलाय. कुणी पोचवला ते विचारत नाही.

दोघांना आठव्या हौदात सोडलं. त्याआधी दगडचाट्या नदीत सोडल्या होत्या, अकरा, डॉक्टरीणबाईंनी तपासलेल्या. भिंतीलगत बादली आडवी केली. दहा लगेच गेल्या. अकरावी बादलीच्या तळाला चिकटून बसली. ती निघायला वीस मिनिटं लागली. सोबत सहीला केंद्रप्रमुख होते. म्हणाले, 'ओढून काढ ना.' मी म्हटलं, ओठ फाटतील. मग तेही उभे राहिले. पँट गुडघ्यापर्यंत भिजली त्यांची.

काळमुखे खाईनात. पहिला दिवस, दुसरा, चौथा. लाल अळ्या दिल्या, बारीक झिंगे दिले, गांडूळ चिरून दिलं. दोघे कोपऱ्यात, तोंड भिंतीकडे. सहाव्या दिवशी त्यांतला लहान एका कुशीवर कलायला लागला. सातव्या दिवशी मी गाडी मागितली नाही, बसने गेलो, कारण हे काम केंद्राचं नव्हतं.

तो पायरीवरच होता. मी खाली बसलो आणि म्हटलं, "माझ्या एका पत्रामुळे तुम्ही सहा दिवस पाण्यात फिरलात आणि तुमचे दोन मासे गेले. आता उरलेले दोन माझ्या हातात मरतायत. मला येत नाही. तुम्ही या."

तो म्हणाला, "येत नाही, हे पुन्हा म्हण."

"मला येत नाही."

"चप्पल कुठे ठेवली मी," म्हणाला, आणि उठला.

हौदाशी येऊन त्याने आधी सगळे दगड काढायला लावले. नकाशाप्रमाणे लावले होते मी. "इथे दगडचाटी होती ना? मग हे तिचं घर आहे. ह्यांना काळोख लागतो आणि पाठीला प्रवाह." पंप वळवून लावला. अर्ध्या हौदावर गोणपाट टाकलं. मग म्हणाला, "आता तू लांब हो. उभा राहतोस, सावली पडते. अशी सावली ह्यांनी फक्त बगळ्याची बघितली आहे." मी लांब झालो. एकोणीस वर्षांत त्या हौदापासून मला पहिल्यांदा कुणी लांब व्हायला सांगितलं.

दहा मिनिटांनी त्यांतल्या मोठ्या माशाने एक अळी घेतली. मग लहानाने.

तेव्हापासून तो इथेच आहे. बर्फ ठेवायची जुनी खोली त्याला दिली. केंद्रप्रमुखांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'कागद आण, सही करतो.' माझ्या खुर्चीवर तोच बसतो. माझी पुस्तकं त्याने बघितली. चुकीची तीन कुठली ते विचारलं, मी दाखवली. त्याने चौथं काढलं. मी ते पुन्हा वाचतोय.

काल दुपारी तीस अळ्या मोजून टाकल्या. दोघांनी किती खाल्ल्या ते मी लांबून मोजलं, चौदा. तो म्हणाला, "पंधरा." मी म्हटलं, चौदा. तो म्हणाला, "माझा चष्मा खोलीत आहे, तरी पंधरा." वहीत दोन्ही लिहिले, त्याचे पंधरा आणि माझे चौदा, दोघांच्या सह्यांनी. आज सकाळी तो नदीवर फिरायला गेला होता. तेवढ्यात तळाशी उरलेल्या अळ्या नळीने काढून मोजल्या. पंधरा उरल्या होत्या.

तो आत्ता खोलीत झोपलाय. चार वाजता उठतो. हे मी त्याला आज चार वाजता सांगणार आहे. पत्र त्यानंतरच पेटीत टाकीन.

भाऊ

सांगितलं. चार वाजून तीन मिनिटांनी. तो म्हणाला, "मग खोड की ते चौदा." खोडलं नाही, त्याच्या पुढे 'चूक' असं लिहिलं आणि सही केली.